एका पुडक्यात किती पानं?

या महिन्याच्या टपालात चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शब्दांबद्दल बरीच पत्रं आली. कुणी तिकडे नोकरीला गेलं आहे, कुणी ताडोबा पाहून आलं आहे, कुणाला घरातल्या जुन्या कागदांवरचे शब्द उमगत नाहीत. पत्रं वेगवेगळी असली, तरी विषय एकाच मुलखाचा आणि तिथल्या कामांचा आहे. म्हणून ती इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी गडचिरोली जिल्ह्यात एका बँकेत रुजू झाली. मे महिन्यात फोनवर म्हणाली, "आई, सगळं गाव फडीवर आहे, बँकेत कुणी फिरकत नाही." आम्हाला फड माहीत तो तमाशाचा, कुस्तीचा नाहीतर उसाचा. हा कुठला? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्याकडच्या उसाच्या फडाचाच हा भाऊबंद. फड किंवा फडी म्हणजे तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, मोजून घेण्याची आणि वाळवण्याची जागा. गावाजवळचं एखादं मोकळं, ऊन लागणारं मैदान त्यासाठी निवडतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, एप्रिलअखेर ते मे. एवढ्या दिवसांत घरातली लहानथोर सगळी माणसं कामाला लागतात, कारण वर्षभरात रोख पैसा हातात येण्याचे मोजके दिवस असतात, त्यांतले हे मुख्य.

कामाची सुरुवात मात्र आधीच होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं जमिनीलगत छाटतात. याला बेटकटाई म्हणतात, काही ठिकाणी खुटकटाई. छाटलेल्या बुंध्याला जी नवी पालवी फुटते, ती मोठी, मऊ आणि विडीला चालेल अशी असते. मग पहाटे अंधारात घर सोडायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून परतायचं आणि दुपारभर सावलीत बसून पानावर पान जुळवत पुडके बांधायचे. संध्याकाळी पुडके घेऊन फडीवर जायचं. तिथे फडीमुंशी ते मोजून घेतो, कार्डावर आकडा लिहितो आणि पुडके जमिनीवर ओळीने वाळत घालतात. काही दिवसांनी ते उलटतात. पूर्ण वाळले, की पानं चुरू नयेत म्हणून थोडं पाणी शिंपडून पोत्यांत दाबून भरतात. त्या पोत्याला तिकडे बोद म्हणतात आणि भरण्याच्या कामाला बोदभराई.

आता शीर्षकातला प्रश्न. महाराष्ट्रात एका पुडक्यात ७० पानं धरतात. १०० पुडक्यांचा शेकडा, मजुरीचा दर याच शेकड्यावर. १,००० पुडक्यांची एक मानक गोणी, म्हणजे ७०,००० पानं. सीमा ओलांडून छत्तीसगडात गेलात, तर पुडका ५० पानांचा आणि गोणी ५०,०००ची. कोरची किंवा एटापल्ली तालुक्यातल्या माणसाची नाती पलीकडच्या गावांत असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या दरांची तुलना रोजच होते. पण नुसता 'शेकड्याला अमुक रुपये' हा आकडा ऐकून काहीच कळत नाही. इकडच्या शेकड्यात ७,००० पानं तोडावी लागतात, तिकडच्यात ५,०००. म्हणून जाणती बाई आधी पानं विचारते, मग भाव.

माझ्या मते या व्यवहारातल्या प्रत्येक शब्दामागे असा एक हिशेब उभा आहे आणि तो शब्द ज्याला नीट कळतो त्याचंच माप पूर्ण भरतं. एक काळ असा होता, की पुडका लहान आहे, पानं फाटकी आहेत असं म्हणून मुंशी शेकड्यामागे काही पुडके जादा घेई आणि देणारा मुकाट देई. १९८०च्या दशकात नक्षलवादी चळवळीने या जंगलात पाय रोवले, तेव्हा तेंदूची आणि बांबूतोडीची मजुरी हा तिच्या हाती लागलेला मोठा मुद्दा होता. त्या हिंसेची किंमत इथल्या गावांनी दोन्ही बाजूंनी मोजली, हे विसरता येत नाही. पण मजुरीची तक्रार मुळात खरी होती.

मुलीला आणखी तीन शब्द सांगून ठेवा: मजुरी, रॉयल्टी आणि बोनस. बँकेच्या खिडकीशी ते येतील. महाराष्ट्रात १९६९च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. वनखातं जंगलाचे 'युनिट' पाडून लिलाव करतं, ठेकेदार सरकारला रॉयल्टी भरतो, तोडणाऱ्याला मजुरी मिळते आणि रॉयल्टीतली शिल्लक पुढे कधीतरी बोनस म्हणून खात्यावर येते. पण अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गेल्या दशकभरात गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः तेंदू विकू लागल्या. तिथे रॉयल्टी ग्रामसभेची. तेव्हा कुणी विचारलं, "मॅडम, आमची रॉयल्टी जमा झाली का?" तर तो बोनसची वाट पाहणारा मजूर असेल असं समजू नये. तो मालकीचा पैसा विचारत असतो.

आणि 'टीपी'. वाहतुकीचा परवाना, 'ट्रान्झिट पास', पण तो शब्द पूर्ण कुणी उच्चारत नाही. टीपी नसेल तर जंगलातून माल हलत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा म्हटला की गाडी टीपीपाशी अडत होती. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो आणि १९२७च्या वन कायद्याच्या व्याख्येत तो 'झाड' होता. त्याच बांबूवर पिढ्यान्‌पिढ्या कागद गिरणी चालली, पण गावाने तोडला तर अडचण. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या, म्हणजे ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. टीपी या दोन अक्षरांचं वजन त्यावरून समजावं.

प्रश्न : चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बातम्यांत 'मामा तलाव' फुटला, 'मामा तलावा'ची दुरुस्ती रखडली असं वाचते. हे मामा कोण? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मामा कुणीच नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरं कचेरीतल्या कारकुनाने फायलीवर मा. मा. अशी लिहिली आणि ती तलावाला कायमची चिकटली. आता गावकरीही तसंच म्हणतात.

इंग्रजी अमलात मध्य प्रांतात मालगुजार होते. गावाचा सारा गोळा करणारे आणि गावाचे मालक मानलेले. गावातले तलाव त्यांच्या नावावर होते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१मध्ये तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत. त्यांतले लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालक बदलला, पण गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी बांधायची हे गावाने ठरवलेलं जुनं गणित मोडलं. 'पाळ' म्हणजे बांध. 'पाळ फुटली' ही बातमी तिकडे दर पावसाळ्यात येते. शेतातल्या लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात.

हे तलाव मात्र मालगुजारांच्या कितीतरी आधीचे. बरेचसे कोहळी समाजातल्या माणसांनी बांधले आणि चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी त्याला मोठी चालना दिली. जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातल्या तुकूम भागात आज हजारो माणसं राहतात. त्या नावामागे तलावाच्या बदल्यात जमीन देण्याची ही रीत आहे. त्या जिल्ह्यात एसटीने फिरताना फलकांवर गावाच्या नावापुढे 'चक', 'माल', 'मक्ता', 'तुकूम' अशी शेपटं दिसतील. ती महसुलाची जुनी खूण आहे: जमीन कुणाला, कोणत्या अटीवर दिली होती, ते सांगणारी. आणि 'रिठ' दिसलं तर समजावं, की सातबाऱ्यावर गाव आहे, पण वस्ती उठून गेली आहे.

प्रश्न : आमच्या प्लॉटच्या कागदावर 'झुडपी जंगल' अशी नोंद निघाली. तिथे एकही झुडूप नाही, गेली कित्येक वर्षं घरं आहेत. घाबरायचं कारण आहे का? — एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : दुर्लक्ष करू नका, एवढं आधी सांगतो. हा शब्द विदर्भाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही आणि विदर्भात त्याने अनेकांची झोप उडवली आहे.

जुन्या मध्य प्रदेशच्या महसूल दप्तरात, जिथे मोठी झाडं नाहीत, नुसती झुडपं आहेत, गुरं चरतात, अशा जमिनीला 'झुडपी जंगल' म्हणून नोंदवत. कारकुनाच्या लेखी ती हलकी पडीक जमीन होती. १९५६मध्ये हे जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६०मध्ये महाराष्ट्रात आले, नोंदी तशाच आल्या. मध्यंतरी त्या जमिनींवर शाळा, कचेऱ्या, घरं, स्मशानं उभी राहिली. पुढे १९८०चा वनसंवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं, की दप्तरात ज्याची नोंद वन म्हणून आहे, तेही वनच. त्या दिवसापासून 'जंगल' या उत्तरपदाला जोर आला आणि 'झुडपी' मागे पडलं.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की झुडपी जंगल हे वनच आहे. मात्र १२ डिसेंबर १९९६च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी वाटून दिल्या, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी, असा मार्गही ठेवला. म्हणून तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जमीन कुणी, कोणत्या तारखेला दिली त्याचा आदेश. तो शोधा. तहसील कचेरीत जाऊन त्या गावाचं 'निस्तार पत्रक' मागायलाही हरकत नाही. 'निस्तार' म्हणजे गावाच्या रोजच्या गरजा: सरपण, चराई, गुरांचं पाणी, स्मशान. कोणती जागा कशासाठी राखली, याची ती यादी असते. अमिनाच्या आणि तलाठ्याच्या तोंडचा हा शब्द महाराष्ट्राच्या १९६६च्या जमीन महसूल संहितेतही आहे.

प्रश्न : ताडोबात आमचे गाइड आणि जिप्सीचालक सारखं "कॉल आला, कॉल आला" म्हणत होते. फोन तर कुणाचाच वाजला नाही. — इयत्ता सातवीतला एक वाचक, पुणे

उत्तर : कॉल म्हणजे जंगलातल्या इतर प्राण्यांनी दिलेली धोक्याची हाक. वाघ किंवा बिबट्या दिसला, त्याचा वास आला, की चितळ, सांबर, वानर ओरडतात. चितळ लवकर घाबरतं, कधी उगाचही ओरडतं. सांबराने हाक दिली आणि पुन:पुन्हा दिली, तर गाडी तिकडे वळलीच म्हणून समज. 'साइटिंग' म्हणजे वाघ दिसणं. 'कोअर' म्हणजे आतलं राखीव जंगल, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचं. त्याभोवती गावं आणि जंगल मिळून 'बफर', तो ११०० चौरस किलोमीटरचा. १९५५चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६चं अंधारी अभयारण्य मिळून १९९५मध्ये हा व्याघ्र प्रकल्प झाला.

पण एक गोष्ट तुला मुद्दाम सांगतो. तुम्ही गाडीत बसून जो कॉल ऐकला, तोच मार्चमध्ये मोहफुलं वेचणाऱ्या आणि मेमध्ये तेंदू तोडणाऱ्या बायकांनाही ऐकू येतो. त्या पायी असतात आणि वाकून काम करत असतात. कॉल ऐकला की एकमेकींना मोठ्याने हाका मारत, घोळका करून त्या मागे फिरतात. चंद्रपूर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. बफरमधल्या गावांत त्यासाठी तरुणांची पथकं आहेत. त्यांना 'पीआरटी' म्हणतात, प्राथमिक प्रतिसाद पथक. वाघ गावाजवळ आला, की जमावाला आवरायचं आणि वनखातं येईपर्यंत थांबायचं, हे त्यांचं काम.

वर्तमानपत्रात 'कक्ष क्रमांक' असं वाचशील. वनखात्याने सगळं जंगल क्रमांकांच्या कक्षांत वाटलेलं आहे. काही कक्ष मिळून वनरक्षकाचा 'बीट', काही बीट मिळून 'राऊंड', काही राऊंड मिळून 'रेंज'. गावातला माणूस जागा सांगतो ती नाल्याच्या, मोहाच्या झाडाच्या नावाने, आणि पंचनाम्यात लागतो तो कक्ष क्रमांक. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी दोन्ही जुळावे लागतात. म्हणून आपल्या गावाशेजारच्या कक्षांचे क्रमांक तिकडच्या शाळांत मुलांना शिकवावेत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : 'धानाचे कडपे भिजले' आणि 'पुंजणे जळाले' या बातम्यांत फरक काय? शिवाय एचएमटी तांदूळ आणि एचएमटी घड्याळ यांचा काही संबंध? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्याकडचा भात तिकडे धान. रोपं लावायची ती रोवणी, बांध घातलेलं खाचर म्हणजे बांधी, बांध म्हणजे धुरा. कापल्यावर धान जमिनीवर वाळायला पसरून ठेवतात, ते कडपे. वाळल्यावर पेंढ्या रचून केलेली रास म्हणजे पुंजणं. फरक पैशांचाही आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मूळ नियमांत कापणीनंतरची भरपाई शेतात पसरलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधून वाळत ठेवलेल्या पिकाला, कापणीपासून १४ दिवसांपर्यंत होती आणि खबर ७२ तासांत द्यायची होती. रचून ठेवलेली रास त्यात धरतील याची खात्री नव्हती. पंचनाम्यात कोणता शब्द लिहिला जातो, त्याकडे शेतकऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहावं.

घड्याळाशी संबंध आहे, फक्त नावापुरता. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास 'पटेल ३' जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या. त्यांचं बी वेगळं राखून वर्षानुवर्षं निवड करत बारीक दाण्याचं नवं वाण तयार केलं. बाजारात आणलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव देऊन टाकलं. वाण देशभर पसरलं, नाव घड्याळाचंच राहिलं. खोब्रागडे यांनी त्यानंतरही अनेक वाणं काढली आणि २०१८मध्ये ते गेले तेव्हा त्यांची आर्थिक ओढाताण चालूच होती. ज्याने वाण दिलं त्याचं नाव पोत्यावर असायला हवं होतं.

प्रश्न : माझे आजोबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत 'सरदार' होते असं आजी सांगते. आम्ही मराठी कुटुंब. मग सरदार कसे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : खाणीतला सरदार ही कायद्याने ठरवलेली जागा आहे. परीक्षा दिल्याशिवाय ती मिळत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला आहे, प्रमाणपत्र त्यांच्याकडचं. पाळी सुरू व्हायच्या आत सरदाराने आपल्या वाट्याचा भाग फिरून पाहायचा, छत आणि बाजू तपासायच्या, आजोबांच्या काळी दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसते का ते पाहून वायू ओळखायचा. धोका वाटला, तर कामगारांना तिथून बाहेर काढायचा अधिकार त्याचा. त्याच्या वर ओव्हरमन, मग व्यवस्थापक.

आजीला आणखी दोन शब्द विचारा, तिच्या कानावरून गेले असतील. 'डिप-राइज': जमिनीखाली पूर्व-पश्चिम कळत नाही, म्हणून कोळशाचा थर ज्या बाजूला उतरतो ती डिप, चढतो ती राइज. आणि 'गोफ': कोळसा काढून घेतल्यावर मागे उरलेली पोकळी, जिचं छत खाली येऊ द्यायचं असतं. तिथे कुणालाही पाठवत नाहीत. आजोबा कामावर असताना त्या सीमेवर कुंपण घातलंय ना, हे पाहणं त्यांच्याकडेच असणार.